अटींचा रकाना : एका विवाहनियोजन सेवेचे परीक्षण

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नासाठी आमच्या आणि मुलीकडच्या कुटुंबाने मिळून एक विवाहनियोजन सेवा आठ महिने वापरली. सेवेचे नाव मी देत नाही, कारण या लेखात तक्रारीचा भाग बराच आहे आणि ज्या उणिवा मला जाणवल्या त्या या धर्तीच्या इतर सेवांमध्येही असाव्यात असे मला वाटते. सेवेचे स्वरूप साधारण असे होते: खर्चाचा एक सामायिक तक्ता, पाहुण्यांची यादी, पुरवठादारांशी करावयाचे करार, आणि याखेरीज ‘कुटुंब-बैठक’ या नावाखाली दोन्ही घरांना मध्यस्थासमोर बसवून घेतल्या जाणाऱ्या दीड-दीड तासाच्या तीन बैठका. पहिल्या तीन गोष्टी कोणीही करून देते, आणि थोडा धीर असेल तर घरच्या घरीही होतात. आम्ही पैसे मोजले ते चौथ्या गोष्टीसाठी.

तिची गरज का पडली हे सांगितल्याशिवाय परीक्षणाला अर्थ येणार नाही. माझ्या भावजयीचे घर पैशाने आमच्याहून बरेच वरचे आहे. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत. आमचे बाबा साध्या नोकरीतून निवृत्त झालेले आणि आईने शिवणकाम करून आम्हा दोघा भावंडांच्या शिक्षणाला हातभार लावलेला. भावजयीचा वंश मात्र वेगळा आहे आणि तिचा रंग आमच्यापेक्षा गडद आहे. त्यामुळे आमच्या घरात कोणी एक शब्दही उघड न बोलता एक विचित्र हिशेब मांडला गेला होता, तो असा की पैशात ते वर, रंगात आपण वर, म्हणजे फिट्टंफाट. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते वगळले तर सेवेने काय साधले आणि कुठे ती कच खाऊन गेली, हे दोन्ही कळणार नाही.

असा हिशेब मांडणारे आम्ही पहिले नव्हेत. २९ सप्टेंबर १९४८ रोजी लंडनमध्ये सेरेत्से खामा आणि रूथ विल्यम्स यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले, तेव्हा तो आफ्रिकेतल्या बामान्ग्वातो जमातीच्या गादीचा वारस होता आणि ती एका विमा कार्यालयात लिपिक होती. घराण्याच्या मोजपट्टीने पाहिले तर मोठे स्थळ मुलीला मिळाले होते. तरीही ती गोरी आणि तो काळा एवढ्यावरून तिच्या वडिलांनी विरोध केला, त्याच्या काकांनी वेगळ्या कारणांनी केला, चर्चमधले लग्न अडवले गेले आणि पुढे ब्रिटिश सरकारने त्याला स्वतःच्या भूमीत राहण्यास बंदी घातली. १९५६ मध्ये गादीवरचा हक्क सोडून तो परतला आणि १९६६ मध्ये स्वतंत्र बोट्स्वानाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. वंश आणि प्रतिष्ठा एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढू लागल्या की माणसे नेमकी कशाला धरून बसतात, हे त्या एका लग्नात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. आमच्याकडे सरकार मध्ये पडणार नव्हते, एवढाच काय तो फरक. आत्या मात्र होती.

आता सेवेकडे वळते. तिचा सर्वांत चांगला भाग म्हणजे खर्चाच्या तक्त्यातला एक साधा रकाना. जो कोणी लग्नासाठी पैसे देणार असेल त्याने एकट्याने बसून चार गोष्टी भरायच्या: रक्कम, ती केव्हा देणार, त्यामागे अट कोणती, आणि स्वतःसाठी न सोडता येणारी एक गोष्ट. सर्वांचे भरून होईपर्यंत कोणाचेच कोणाला दिसत नाही. मग एकाच वेळी सगळे खुले होते. वरवर पाहता हा प्रकार थोडा कोरडा वाटतो, आणि आईने तर “हे लग्न आहे की कर्जाचा अर्ज?” असे विचारलेही होते. तिच्या प्रश्नात तथ्य होते. पण पुढचे आठ महिने ज्या ज्या वेळी वाद चिघळला, त्या त्या वेळी आम्ही परत आलो ते याच रकान्यापाशी.

बाबांनी अटीपुढे “काही नाही” असे लिहिले होते. व्याह्यांनी मात्र भलीमोठी यादी दिली होती: सभागृह आम्ही निवडू, निमंत्रणावर यजमान म्हणून आमची नावे आधी येतील, कार्यक्रम वेळेवर सुरू होईल, भाषणे तीनपेक्षा जास्त नकोत. ती वाचून आमच्याकडे संताप उसळला. पैसा आहे म्हणून हुकूम सोडतात, असे सर्वांचे मत पडले, माझेसुद्धा. पुढच्याच आठवड्यात बाबांनी पाहुण्यांच्या यादीत एकदम ६० नावे घातली आणि त्यातले एकही कमी करायला ते तयार होईनात. म्हणजे अट दोघांचीही होती. व्याह्यांची लिहिलेली असल्यामुळे तिच्यावर बोलता आले, भाषणांची संख्या पाच झाली, निमंत्रणावर दोन्ही घरांची नावे एका ओळीत आली. बाबांची अट कागदावर नसल्यामुळे तिला हात लावणे म्हणजे बाबांनाच हात लावणे झाले. ज्यांना आम्ही उद्धट समजत होतो ते निदान सरळ होते, हे मान्य करायला आम्हाला तीन आठवडे लागले आणि ते शक्य झाले ते केवळ दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवल्यामुळे. या रकान्यासाठी सेवेला द्यावे तितके श्रेय थोडे आहे.

याच तक्त्याच्या पहिल्या पानावर मात्र एक वर्तुळाकार आलेख येतो आणि कोणत्या घराने एकूण खर्चाचा किती वाटा उचलला हे तो रंगीत फोडी करून दाखवतो. आमची फोड पाचव्या हिश्श्याहून थोडी कमी होती. तक्ता उघडणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे बाबांना, आईला, आत्याला आणि तिच्या मुलांनाही, कामाची कोणतीही माहिती दिसण्याआधी ती फोड दिसत असे. ज्याने कोणी हे पान आखले त्याच्या घरात पैशावरून कधी कोणाची मान खाली गेली नसावी. आलेख लपवण्याची सोय नाही, असे आम्हाला सुरुवातीला सांगण्यात आले; मी दोनदा लेखी विनंती केल्यावर पंधरा दिवसांनी ती सोय निघाली. तोवर बाबांनी तक्ता पाहणेच सोडले होते आणि ते सगळे निरोप माझ्यामार्फत देऊ लागले होते.

त्याहून मोठी उणीव अशी की या तक्त्याला फक्त पैसा कळतो. आईने दोन्हीकडच्या मुलींसाठी आणि लहान मुलांसाठी मिळून १४ पोशाख शिवले, अनेक रात्री जागून शिवले, आणि त्याची नोंद करायला तक्त्यात जागाच नव्हती. म्हणून मी शिलाईचा बाजारभाव काढून ती रक्कम तिच्या नावापुढे भरली. तिला ते कळले तेव्हा ती इतकी दुखावली की मला नोंद पुसावी लागली. “मी माझ्या मुलाच्या लग्नाचे बिल लावलेले नाही,” एवढेच ती म्हणाली. श्रमाची किंमत लावली तर अपमान होतो आणि न लावली तर श्रम अदृश्य राहतात, हा पेच कोणत्याही सेवेने एका रकान्यात सोडवावा अशी माझी अपेक्षा नाही. पण ज्यांच्याकडे पैसा कमी असतो ती माणसे लग्नात आपला वाटा हातानेच उचलतात, हे या धंद्यातल्या लोकांना ठाऊक असायला हवे. किमतीशिवाय नुसती नोंद करायची सोय असती तरी पुरले असते.

पाहुण्यांच्या यादीबाबत सेवेचे काम चोख होते. लग्नाच्या खर्चाचा मोठा भाग डोक्यांवर ठरतो, कारण जेवण, बसण्याची जागा, निमंत्रणे, प्रवासाची सोय हे सगळे माणशी मोजले जाते. त्यामुळे सजावटीवरून भांडण्यात काही हशील नाही, भांडायचेच असेल तर यादीवरून भांडावे, असे आमच्या नियोजकाने पहिल्याच दिवशी सांगितले आणि ते शब्दशः खरे ठरले. जेवणाच्या करारातली किमान हमी संख्या म्हणजे काय, अंतिम आकडा कोणत्या तारखेला गोठतो आणि त्यानंतर कोणी आले नाही तरी पैसे का द्यावे लागतात, हे तिने बाबांना ज्या धीराने समजावले त्याचे मला कौतुक वाटले. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण बाबांच्या तोंडी नेहमीची. अडचण एवढीच होती की या वेळी अंथरूण दुसऱ्याचे होते आणि पाय आमचे.

व्याह्यांनी निवडलेले सभागृह दूर होते. आमच्याकडच्या अनेक नातेवाइकांना तिथवरचा प्रवास आणि दोन रात्रींचा मुक्काम परवडणारा नव्हता. व्याह्यांनी तो खर्च आपण उचलतो असे सांगितले, आणि मनापासून सांगितले. त्यावर बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. ‘आपले पाहुणे त्यांच्या पैशाने येणार’ हे वाक्य आमच्या घरात जितक्या वेळा उच्चारले गेले तितक्या वेळा नवरामुलाचे नावसुद्धा घेतले गेले नसेल. इथे नियोजकाने एक साधी युक्ती केली. प्रवास आणि मुक्काम ही बाब तिने दोन्ही घरांच्या हिशेबातून काढून सामायिक खर्चात टाकली, दोन्हीकडच्या दूरच्या पाहुण्यांना ती सारखी लागू केली आणि निमंत्रणाबरोबर एकाच मजकुराचे पत्र सर्वांना पाठवले. रक्कम तीच राहिली आणि ती देणारेही तेच राहिले. पण कोणाला कोणाचे उपकार वाटून घ्यायला जागा उरली नाही. अनुभवी माणसाचे हे काम होते आणि त्यासाठी सेवेचे शुल्क मला जड वाटले नाही.

जड वाटले ते बैठकांचे. पहिल्या बैठकीच्या सुरुवातीला मध्यस्थाने आम्हाला धीर देण्यासाठी सांगितले की आता काळ बदलला आहे, आणि गॅलप या संस्थेच्या पाहणीचा दाखला दिला: अमेरिकेत गोरे आणि काळे यांच्यातल्या विवाहाला १९५८ मध्ये अवघ्या ४ टक्के लोकांची संमती होती, ती २०२१ मध्ये ९४ टक्क्यांवर गेली. आकडे खरे आहेत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांच्या खटल्यात निकाल दिला तोवर १६ राज्यांत असे लग्न कायद्याने निषिद्धच होते, आणि दक्षिण आफ्रिकेत १९४९ पासून असलेला तसाच कायदा १९८५ मध्ये रद्द झाला. तेव्हा बदल मोठा आहे यात शंका नाही. परंतु अशा पाहणीत विचारतात ते सर्वसाधारण मत. तुमच्या भाच्याच्या लग्नाच्या छायाचित्रात पहिल्या ओळीत कोण उभे राहणार, हे त्यात कोणी विचारत नाही. आमच्या आत्याला विचारले असते तर तिनेही ९४ टक्क्यांतच हात वर केला असता.

दुसऱ्या बैठकीत आत्या म्हणाली की कार्यक्रम जरा लहान ठेवावा, उगाच सगळ्यांना बोलावून गाजावाजा कशाला, आपल्याकडच्या लोकांना समजावत बसावे लागेल. खर्च वाचवण्याच्या भाषेत ती बोलत होती आणि खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते की मुद्दा खर्चाचा नाही, कारण तिच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात ऋण काढून सण साजरा झाला होता. मध्यस्थाने यावर मान हलवली आणि म्हणाला, “दोन वेगळ्या संस्कृती एकत्र येताना अशा अपेक्षा वेगवेगळ्या असणे स्वाभाविक आहे.” मग त्याने फळ्यावर ‘सांस्कृतिक फरक’ असे लिहून त्याखाली दोन स्तंभ आखले.

विहीणबाई तोवर शांत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “संस्कृतीतला फरक असता तर तो आम्हीच सांगितला असता. आपण माझ्या मुलीच्या रंगाविषयी बोलत आहोत. तसे लिहा.”

मध्यस्थाने तसे लिहिले नाही. त्याने सर्वांना दहा मिनिटांची विश्रांती दिली. परत आल्यावर विषय बसण्याच्या व्यवस्थेवर गेला आणि बैठकीचा उरलेला वेळ कोणत्या टेबलावर कोण यात संपला. पुढे त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलले असता त्याने सांगितले की वातावरण बिघडू नये म्हणून त्याने विषय बदलला. मला हे कारण पटले नाही. वातावरण आधीच बिघडलेले होते आणि ते बिघडवणारी व्यक्ती आमच्याकडची होती. सांभाळून घेतले गेले ते मात्र तिलाच. जी माणसे पैशाच्या प्रश्नावर इतकी नेमकी होती, अटीचा स्वतंत्र रकाना करण्याइतकी निर्भीड होती, तीच माणसे वंशाचा शब्द उच्चारायची वेळ येताच गुळमुळीत बोलू लागली, याचे मला खरोखर नवल वाटले. सेवेच्या प्रश्नावलीत एवढे सगळे विचारले जाते, पण ‘या लग्नातल्या कोणाच्या वंशाविषयी किंवा रंगाविषयी तुमच्या कुटुंबात काही बोलले गेले आहे का?’ हा प्रश्न तिच्यात कुठेही नाही. आम्ही अभिप्रायात तो सुचवला आहे. उत्तर आले नाही.

हाच आंधळेपणा पुरवठादारांच्या निवडीतही दिसला. सेवेने सुचवलेल्या तिन्ही छायाचित्रकारांच्या नमुना-संचांत गडद रंगाची एकही नवरी नव्हती, आणि रंगभूषाकाराकडे भावजयीच्या छटेला जुळेल असे प्रसाधनच नव्हते. त्याने दोन छटा मिसळून पाहिल्या तेव्हा तिचा चेहरा राखाडी दिसू लागला. ही बाब किरकोळ समजू नये. कोडॅक कंपनीच्या रंगीत छायाचित्रांची छपाई अनेक वर्षे ‘शर्ली कार्ड’ नावाच्या एका नमुना-छायाचित्रावरून जुळवली जात असे, आणि त्या छायाचित्रात गोरी स्त्री असे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड कंपनीने काढले ते १९९० च्या दशकात. जुने तंत्र गेले तरी प्रकाश कोणाच्या चेहऱ्यावरून ठरवायचा ही सवय सहजासहजी जात नाही. एकाच चौकटीत दोन वेगळ्या वर्णांचे चेहरे घ्यायचे असतील तर प्रकाश जाणीवपूर्वक जुळवावा लागतो, आणि छायाचित्रकाराला ते जमते की नाही हे आगाऊ रकमेच्या आधी, दोघांना शेजारी उभे करून काढलेल्या चाचणी-छायाचित्रावरूनच कळते. आम्ही शेवटी छायाचित्रकार आणि रंगभूषाकार दोघेही बाहेरून ठरवले. सेवेने त्याबद्दल शुल्कात कपात केली नाही.

शुल्काचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. या व्यवसायात शुल्क साधारणतः दोन प्रकारे घेतात, ठरावीक रक्कम किंवा एकूण खर्चाची टक्केवारी. आमचा करार टक्केवारीचा होता आणि तो करण्यात आमची चूक झाली. खर्च वाढला की ज्याचे उत्पन्न वाढते त्याच्याकडून खर्चावरच्या भांडणात निःपक्षपातीपणाची अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. आमच्या नियोजकाने गैरफायदा घेतला असे मी म्हणणार नाही, परंतु फुलांचा प्रश्न आला तेव्हा तिने सुचवलेला प्रत्येक पर्याय आधीच्यापेक्षा महागच कसा निघाला, हे बाबांनी टिपून ठेवले होते आणि त्यानंतर तिचा शब्द त्यांच्या लेखी हलका झाला. पुरवठादारांकडून दलाली मिळते का, हेही करारापूर्वी लेखी विचारावे. एमरी विद्यापीठातल्या अँड्र्यू फ्रान्सिस आणि ह्यूगो मिआलॉन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ३,००० हून अधिक विवाहित किंवा घटस्फोटित व्यक्तींच्या पाहणीवरून असे मांडले की लग्नावरचा मोठा खर्च आणि विवाह मोडण्याचा धोका यांचा संबंध दिसतो, तर लग्नाला जास्त माणसे हजर असणे आणि विवाह टिकणे यांचा संबंध दिसतो. एकामुळेच दुसरे घडते असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरी ही माहिती मी बाबांना सांगितली तेव्हा आपल्या ६० नावांचे समर्थन मिळाले म्हणून ते चार दिवस खुशीत होते.

सेवा कोणी घ्यावी, याविषयी माझे मत असे आहे. दोन घरांच्या ऐपतीत अंतर असेल, आणि ‘आमचे काही मागणे नाही’ म्हणणारी माणसे दोन्हीकडे भरपूर असतील, तर तक्ता आणि नियोजक या दोन्हींचा उपयोग होईल. करार मात्र ठरावीक रकमेचाच करावा आणि आलेख पहिल्याच दिवशी लपवून घ्यावा. वंशाचा प्रश्न असेल तर या बैठकांवर विसंबू नये. त्या बैठकांचे पैसे वाचवून, ज्याच्या घरातून आक्षेप येतो आहे त्याने स्वतः आपल्या माणसाशी बोलावे. दुसऱ्या बैठकीनंतर माझ्या भावाने तेच केले. तो आत्याकडे एकटा गेला, दोन तास बसला आणि तिला एवढेच सांगून आला की निमंत्रण आहे, पण लहान आवाजातले लग्न होणार नाही. काय बोलणे झाले हे त्याने आम्हाला अजून सांगितलेले नाही.

आत्या आणि तिच्या घरचे तिघे आले नाहीत. येणार नाही असे त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत कळवले नव्हते, त्यामुळे अंतिम आकडा गोठला तेव्हा ते चौघे त्यात होते आणि त्यांच्या जेवणाचे, मुक्कामाचे पैसे भरावे लागले. लग्नाला पाच महिने झाले. तक्ता अजून उघडता येतो, त्यात बाकी सगळ्या ओळी हिरव्या झाल्या आहेत, आणि ही एक ओळ अजून पिवळीच आहे: चार जागा, देय कोणाकडून, रिकामे. व्याह्यांनी ती रक्कम भरायची तयारी दाखवली होती. बाबा नको म्हणाले आणि हप्त्याने भरत आहेत.